ट्रिंगची २९९ पाखरं : पिसं, गळ आणि हरवलेल्या चिठ्ठ्या

२८ जुलै २००९. इंग्लंडमधल्या हार्टफर्डशर परगण्यातल्या ट्रिंग या छोट्या गावात नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षीसंग्रह आहे. त्या दिवशी पाहुण्या अभ्यासकाला दक्षिण अमेरिकेतला एक लालभडक छातीचा पक्षी दाखवायचा म्हणून तिथल्या जबाबदार कर्मचाऱ्याने एक कपाट उघडलं आणि खण ओढला. खण रिकामा होता. पुढचा ओढला, तोही रिकामा. दिवसभर कपाटं तपासल्यावर आकडा निघाला २९९. सोळा प्रजाती-उपप्रजातींचे २९९ पक्षी गायब होते, आणि त्यांना नेऊन पाच आठवडे उलटून गेले होते.

हे प्रकरण पक्ष्यांच्या जगात बरंच गाजलं, पण मराठीत त्याच्यावर नीट लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. मला ते दोन कारणांनी महत्त्वाचं वाटतं. चोरीचं कारण होतं मासे पकडायच्या कृत्रिम माश्या, म्हणजे फ्लाय, आणि त्या माश्यांच्या कृतींमध्ये आपल्या सह्याद्रीतला एक पक्षी दीडशेहून अधिक वर्षं ठाण मांडून बसला आहे. दुसरं कारण खानदेशातलं आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

सामन माशासाठी एवढा थाट कशाला?

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. गळावर दोरा, रेशीम, केस आणि पिसं बांधून पाण्यातल्या किड्यासारखं किंवा लहान माशासारखं काहीतरी तयार करतात आणि ते काठीच्या झोक्याने पाण्यावर टाकतात. ट्राउटसाठीच्या फ्लाय बहुतेक करड्या, तपकिरी, साध्या असतात, कारण ट्राउट खरोखर किडे खातो आणि त्याला फसवायचं तर किड्यासारखंच दिसावं लागतं.

सामनचं तसं नाही. समुद्रात वाढलेला सामन अंडी घालायला नदीत परततो तेव्हा त्याचं खाणं जवळजवळ थांबलेलं असतं. तरी तो फ्लायवर झडप घालतो. चिडून, सवयीने की कुतूहलाने, यावर मासेमारांचे वाद आजही रंगतात. पण तो कशाचीच नक्कल ओळखून येत नसेल, तर फ्लाय कशासारखीही असली तरी चालते. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या उमरावांनी आणि त्यांच्यासाठी फ्लाय बांधणाऱ्या कारागिरांनी या मोकळिकीचा पुरेपूर फायदा घेतला. साम्राज्याच्या जहाजांतून लंडनच्या बंदरात जगभरची पिसं उतरत होती. बायकांच्या टोप्यांसाठी आलेल्या त्याच मालातून सामनच्या फ्लाय सजू लागल्या.

'जॉक स्कॉट' ही त्या काळातली सर्वांत प्रसिद्ध फ्लाय. तिच्या कृतीत शेपटीला चिनी सोनेरी फेझंटच्या तुऱ्याचं पीस, मध्ये काळ्या शहामृगाच्या पिसाचा वेढा, पोटाला टूकनची पिवळी पिसं, गळ्याला गिनी कोंबडीची ठिपकेदार पिसं, वर मकाव पोपटाच्या पिसाची शिंगं, गालाला निळ्या कोटिंगाचं पीस आणि दोन्ही बाजूंना रानकोंबड्याचा 'डोळा'. बोटाच्या पेरांएवढ्या गळावर तीन खंड एकत्र नांदतात.

हे कसब खरोखर अवघड आहे, आणि त्याचा मान ठेवूनच पुढचं लिहितो. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी जे तंतू असतात, त्यांना बारीक आकड्या असतात आणि त्या एकमेकींत अडकून पिसाचं सलग पान तयार होतं. फ्लाय बांधणारा वेगवेगळ्या पिसांचे दोन-दोन, चार-चार तंतू सोडवून घेतो आणि बोटांच्या चिमटीत ते शेजारी शेजारी ठेवून हलक्या हाताने घासतो. आकड्या जुळतात. लाल, पिवळ्या, निळ्या पिसांच्या पट्ट्या एकाच पिसासारख्या सलग होतात. कारागीर याला पिसांचं 'लग्न लावणं' म्हणतात. एक फ्लाय पुरी व्हायला कित्येक तास लागतात आणि दोऱ्याचा एक वेढा जास्त झाला तरी डोकं जाड दिसतं. अशा फ्लाय आज पाण्यात टाकतच नाहीत. त्या काचेच्या चौकटीत बसवतात.

गोम अशी की जुन्या कृतींत पक्ष्यांची नावं नेमकी दिलेली असतात. 'इंडियन क्रो' हे त्यांतलं सर्वांत हवं असलेलं नाव. हा पक्षी भारतातला नाही आणि कावळाही नाही. दक्षिण अमेरिकेतला हा फळं खाणारा पक्षी, गळ्याला केशरी-लाल झालर असलेला. 'ब्लू चॅटरर' म्हणजे निळा कोटिंगा. हिरवा क्वेट्झाल मध्य अमेरिकेतला. हे पक्षी आज विकत घ्यायचे तर जुन्या संग्रहांतली कातडी किंवा टोप्यांवरची पिसं शोधावी लागतात. क्वेट्झालच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक बंदी आहे. रंगवलेल्या कोंबडीच्या, टर्कीच्या पिसांनी तीच फ्लाय बांधता येते आणि लांबून फरकही कळत नाही. सामनला तर जवळूनही कळत नाही. पण 'अस्सल' पिसांचा हट्ट काही जणांना सोडता आला नाही.

२३ जूनची रात्र

चोर होता विशीतला अमेरिकन तरुण. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा, लहानपणापासून फ्लाय बांधणारा आणि त्या वर्तुळात भावी उस्ताद मानला जाणारा. त्याचं नाव जगजाहीर आहे. इथे मी ते लिहीत नाही, कारण मला त्याच्याबद्दल कमी आणि त्या खणांबद्दल जास्त सांगायचं आहे.

५ नोव्हेंबर २००८ रोजी तो ट्रिंगला येऊन गेला होता. ऑक्सफर्डच्या एका अभ्यासकासाठी स्वर्गपक्ष्यांची (बर्ड्स ऑफ पॅरडाइज) छायाचित्रं हवीत असं सांगून त्याने रीतसर परवानगी घेतली. कुठल्या कपाटात काय आहे, खिडक्या कुठे आहेत, हे त्या भेटीत त्याच्या लक्षात राहिलं. पुढे २३ जून २००९ च्या रात्री तो लंडनहून गाडीने आला आणि स्थानकावरून चालत संग्रहालयाच्या मागच्या भिंतीशी पोहोचला. काच कापायचं हत्यार त्याच्या हातून खाली पडलं, तेव्हा दगडाने खिडकी फोडून तो आत शिरला. बरोबर रिकामी सुटकेस होती. चाळीसच्या आसपास क्वेट्झाल, त्याहून थोडे जास्त 'इंडियन क्रो', ३७ राजा स्वर्गपक्षी, निळे कोटिंगा, फ्लेम बॉवरबर्ड... सुटकेस भरून तो स्थानकावर परतला आणि पहाटेच्या गाडीने लंडनला गेला. नंतर त्याने सांगितलं की महागडी बासरी घ्यायला पैसे हवे होते.

सकाळी रखवालदाराला फुटकी खिडकी दिसली. पोलीस आले. संग्रहालयाने मग काय पाहिलं, तर सगळ्यांत मौल्यवान वस्तू जागेवर आहेत का: डार्विनने गॅलापागोस बेटांवरून आणलेल्या फिंच (चिमणीसारखे पक्षी), नामशेष झालेल्या ग्रेट ऑक या समुद्रपक्ष्याची कातडी. सगळं जागच्या जागी होतं. डार्विनच्या फिंच मातकट, काळसर रंगाच्या आहेत. फ्लाय बांधणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून चोरी झालेलीच नाही, असा समज झाला.

या चुकीबद्दल संग्रहालयाला नावं ठेवणं सोपं आहे. सुमारे साडेसात लाख पक्षी असलेल्या संग्रहात प्रत्येक खण रोज उघडून पाहता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही एक गोष्ट मनाला लागते. वैज्ञानिक मोल म्हणजे दुर्मिळता आणि प्रसिद्ध नाव, असं संग्रहालयाने त्या सकाळी धरलं. चोराने मोल रंगात मोजलं. ट्रिंगच्या खणांतलं खरं मोल दोघांच्याही नजरेतून सुटलं.

पुढच्या महिन्यांत ते पक्षी आणि सुटी पिसं इंटरनेटवरून विकली जात होती. काही कातडी अख्खी, काही तोडून पाकिटांत भरून. एका जाणकार मासेमाराला नेदरलँड्समधल्या मेळाव्यात एका विक्रेत्याकडे असा पक्षी दिसला. तो कुठून आला याची विचारपूस झाली आणि धागा लंडनपर्यंत पोहोचला. १२ नोव्हेंबर २००९ रोजी पोलिसांनी त्या तरुणाच्या घराचं दार ठोठावलं. त्याने लगेच कबुली दिली.

घरात १७४ पक्षी अखंड सापडले. त्यांतल्या फक्त १०२ पक्ष्यांच्या पायाला चिठ्ठ्या शिल्लक होत्या.

चिठ्ठी

म्युझियममधला पक्षी पाहिला नसेल तर सांगतो. खणात ठेवलेला पक्षी उभा नसतो, फांदीवर बसवलेला नसतो. आत कापूस भरलेला, डोळ्यांच्या जागी कापूस, पंख अंगाशी मिटलेले, उताणा पडलेला. पायांना दोऱ्याने एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर जागा, तारीख, कोणी मिळवला, नर की मादी. बस, एवढंच. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संग्रहातले पक्षीही असेच ठेवलेले असतात.

ट्रिंगमधून गेलेल्या पक्ष्यांपैकी काही आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गवैज्ञानिकाने मिळवलेले होते. १८५२ मध्ये ॲमेझॉनहून परतताना त्याचं जहाज भर समुद्रात पेटलं आणि सोबतचा जवळजवळ सगळा संग्रह जळून गेला. तरी दोन वर्षांत तो पुन्हा निघाला. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं मलाय द्वीपसमूहात (आजच्या इंडोनेशिया-मलेशियाच्या बेटांत) हिंडून त्याने १,२५,६६० नमुने जमवले, त्यांत ८,०५० पक्षी. १८५७ मध्ये अरू बेटांवर त्याच्या हातात पहिल्यांदा राजा स्वर्गपक्षी आला, तेव्हा तो आनंदाने थरारला आणि त्याच श्वासात उदासही झाला. सुधारलेला माणूस या बेटांवर आला तर याच सौंदर्याचा नाश करील, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

वॉलेस प्रत्येक पक्ष्याला बेटाचं नाव लावायचा. हे वाटतं तेवढं साधं नाही. डार्विनने गॅलापागोसमध्ये आपल्या फिंच बेटानुसार नोंदल्या नव्हत्या. घरी आल्यावर कुठली चिमणी कुठल्या बेटावरची हे ठरवण्यासाठी त्याला जहाजावरच्या इतरांच्या नोंदींकडे वळावं लागलं. वॉलेसने ही चूक केली नाही. म्हणूनच त्याला दिसलं की बाली आणि लोंबोक ही बेटं एकमेकांपासून अवघ्या पस्तीसेक किलोमीटरवर असूनही त्यांच्यावरची पाखरं दोन वेगळ्या जगांतली आहेत. आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांमधली ती सीमा आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती रेषा काढली चिठ्ठ्यांनी, रंगांनी नव्हे.

पिसांत आणखीही नोंदी असतात. पक्षी जे खातो, त्यातला पारा वाढणाऱ्या पिसात साठतो. दीडशे वर्षांपूर्वीचं समुद्रपक्ष्याचं पीस आणि आजचं पीस शेजारी ठेवलं, तर समुद्रातला पारा किती वाढला ते मोजता येतं. अट एकच, पीस कुठलं आणि कधीचं ते माहीत हवं. चिठ्ठी कापून टाकली की उरतं फक्त सुंदर पीस.

आता खानदेश. रानपिंगळा हा छोटा घुबड-पक्षी १८८४ नंतर कोणालाच दिसला नव्हता. जगभरात त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांतला एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामवंत ब्रिटिश संग्राहकाचा, चिठ्ठीवर १९१४ आणि तापीकाठचं मांडवी, गुजरात. मग पक्षी तिथे शोधणं ओघाने आलंच. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि ब्रिटिश नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, त्याच्या आतली भराई एक्स-किरणांनी पाहिली, कातडं तयार करण्याची पद्धत इतर नमुन्यांशी ताडून बघितली. तो मुळात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी निघाला. माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरून पुन्हा भरला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली होती.

खोटी चिठ्ठी बाजूला पडली, तेव्हा खऱ्या चिठ्ठ्यांकडे लक्ष गेलं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. नंदुरबार जिल्हा तेव्हा अजून व्हायचा होता, शहादा धुळे जिल्ह्यात होता. एकशे तेरा वर्षांनंतर! आज तो तोरणमाळ, मेळघाट आणि अगदी मुंबईच्या जवळ तानसाच्या जंगलातही नोंदला गेला आहे. डेव्हिडसनने त्या पाखरांच्या पायाला 'खानदेश' बांधून ठेवलं नसतं, तर कुठे शोधायचं हे कळलंच नसतं.

ट्रिंगमधल्या पक्ष्यांपैकी ७२ पक्षी अंगाने परत आले, चिठ्ठीशिवाय. उरलेल्या १२५ मधले काही नंतर खरेदीदारांनी परत केले, बाकीचे पिसं होऊन विखुरले. डीएनएवरून प्रजाती कळेल. कधीचा, कुठल्या बेटावरचा, कोणत्या झाडाखाली पडलेला, हे कशावरूनही कळणार नाही.

न्यायालय

८ एप्रिल २०११ रोजी सेंट ऑल्बन्सच्या न्यायालयात शिक्षा झाली: बारा महिन्यांचा तुरुंगवास, तोही दोन वर्षांसाठी स्थगित. म्हणजे त्या तरुणाला शिक्षा म्हणून तुरुंगात जावं लागलं नाही. त्याला ॲस्पर्गर सिंड्रोम (ऑटिझमचा एक प्रकार) असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल न्यायालयाने विचारात घेतला. १,२५,१५० पौंड परत करण्याचा आदेशही निघाला.

शिक्षा कमी झाली, असं अनेकांना वाटलं. मला त्या शिक्षेपेक्षा खरेदीदार जास्त बोचतात. ज्यांनी पिसं घेतली, त्यांतले बरेच प्रेमळ, हात कसबी, संध्याकाळी दिव्याखाली बसून तासन्‌तास काम करणारे लोक होते. अचानक बाजारात इतके 'इंडियन क्रो' कुठून आले, हा प्रश्न त्यांना पडला नसेल, यावर विश्वास बसत नाही. काहींनी चोरी कळल्यावर आपणहून माल परत पाठवला. काहींनी खण बंद ठेवला. ती पिसं आजही कुठल्यातरी घरात, डांबरगोळ्यांसोबत पडून असतील.

सह्याद्रीतला डोळा

जॉक स्कॉटच्या बाजूला बांधायचा तो 'डोळा' म्हणजे आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं पीस. या पिसाच्या टोकाला दांडा पसरून चपटा, चकचकीत होतो, मीनाकारी केल्यासारखा, पांढरा आणि पिवळा.  पक्ष्याचं शास्त्रीय नाव फ्रेंच निसर्गवैज्ञानिक सोनेरा याच्यावरून ठेवलेलं आहे. आणखी एक गंमत, कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग देणारं जनुक पाळीव कोंबडीत या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ च्या एका संशोधनात दिसलं. म्हणजे आपल्या परसातल्या कोंबडीच्या पायातही हा पक्षी थोडासा आहे.

या डोळ्यांसाठी दक्षिण भारतातल्या आणि पश्चिम घाटातल्या नरांची मानेची कातडी दशकानुदशकं परदेशी जात राहिली. आज वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला मारणं आणि त्याची पिसं विकणं गुन्हा आहे. मोराच्या झडलेल्या पिसांना कायद्यात सूट आहे. रानकोंबड्याच्या पिसांना ती नाही, त्यामुळे 'रानात पडलेलं मिळालं' ही सबब चालत नाही.

परदेशातल्या फ्लाय बांधणाऱ्यांनी इथे काढलेला तोडगा मला पटतो. ब्रिटनमध्ये हे कोंबडे पिंजऱ्यात वाढवतात आणि त्यांच्या मानेची पिसं कागदपत्रांसह विकतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या पिसाचा डोळा तेवढाच चमकतो, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी छापील प्लॅस्टिकचा डोळाही मिळतो. अलीकडे महाराष्ट्रात आणि दक्षिणेत महसीर या नदीतल्या माशासाठी फ्लाय वापरणारे मित्र वाढताहेत. फ्लायच्या साहित्याचं पाकीट आलं, तर पक्ष्याचं नाव, पिंजऱ्यातला की रानातला, कोणी वाढवला आणि कागद कुठे, एवढं त्यांनी विक्रेत्याला विचारावं. उत्तर आलं नाही तर पाकीट परत करावं.

नर रानकोंबड्याची मानेची पिसं पावसाळ्यात झडतात आणि काही महिने तो डोळ्यांशिवाय, साधा, काळपट दिसतो. गेल्या पावसाळ्यात आंबोलीच्या वाटेवर मला असं एक पीस सापडलं, ओल्या पानांना चिकटलेलं. चमक पाण्यातही तशीच होती. वहीत तारीख लिहिली, झाड लिहिलं, ओढ्याचं नाव लिहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि पीस पुन्हा पानावर ठेवलं.